लांब पल्ल्याची धाव, रविवारची मिस्सा आणि नाताळची भट्टी: वेळापत्रक कसे बसवावे?

कॅम्पातला पोदेर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी बेळगावच्या कॅम्प भागात राहतो. माझे वय 47 असून मी एका बँकेत काम करतो. घरी 78 वर्षांची आई, पत्नी आणि बारावीत शिकणारा मुलगा आहे. आम्ही मूळचे गोव्याकडचे कॅथलिक. आजोबांच्या काळात घर इकडे आले, त्यामुळे आईशी कोकणी, पत्नीशी मराठी आणि भाजीवाल्याशी कानडी असा आमचा रोजचा व्यवहार आहे. गोव्यात पाव भाजणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात. माझा तो व्यवसाय नाही, पण गेली सहा वर्षे मी घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) पाव आणि केक भाजतो. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, आवारात जो चहा होतो, त्यासाठी 60 पाव माझ्याकडून जातात. नाताळचा कुस्वार, म्हणजे कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, बेबिंक आणि केक, पूर्वी सगळा आई करीत असे. आता तिच्याने उभे राहवत नाही, त्यामुळे ती खुर्चीवर बसून सांगते आणि मी करतो.

माझी अडचण अशी आहे. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबईला होणाऱ्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये, म्हणजे 42.195 किलोमीटरच्या शर्यतीत, मी पहिल्यांदाच भाग घेणार आहे. त्याला आजपासून बरोबर पंधरा आठवडे उरले आहेत. आठवड्यातली लांब धाव मी रविवारी ठेवतो, कारण सगळेच तसे करतात. पहाटे साडेचारला निघून वेंगुर्ला रस्त्याने हिंडलगा आणि सुळगा मागे टाकत जमेल तेवढे पुढे जायचे आणि परत फिरायचे, असा माझा क्रम आहे. (अंतर आणखी वाढले की बाचीच्या पुढे शिनोळीला महाराष्ट्र लागेल. ज्या सीमेचा वाद माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे, ती सीमा घामेजलेल्या बनियनवर ओलांडून नाश्त्याला घरी परत येण्याची मला फार उत्सुकता आहे.) सव्वासातला घरी पोहोचून, अंघोळ करून मी आठच्या मिस्सेला जातो.

आज पहिला रविवार होता. पावाचे पीठ पहाटे पावणेचारला मळून, गोळे ताटांत मांडून, 24 किलोमीटर धावायला गेलो. परत आलो तेव्हा पीठ फुगून ताटांच्या कडांवरून खाली उतरले होते. घाईघाईत ते तसेच भाजले, तर पाव वरून सुरकुतले आणि आतून आंबूस लागले. चर्चमध्ये कुणी काही बोलले नाही, पण उरलेले पाव पिशवीभर घरी परत आले, त्यावरून काय ते समजले. त्याआधी प्रवचन चालू असताना मी बसल्या जागी झोपलो आणि आईने चिमटा काढून मला उठवले. घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, की देवाच्या घरी झोपायलाच यायचे असेल, तर निदान उशी तरी आणत जा.

आता पुढचे पाहावे, तर डिसेंबरमध्ये सगळेच एकत्र येते. मॅरेथॉनच्या तयारीतली सर्वांत लांब, 32 किलोमीटरची धाव शर्यतीच्या साधारण तीन आठवडे आधी करावी, असे सर्वत्र सांगितले जाते. यंदा नाताळ शुक्रवारी आहे आणि ते तीन आठवडे मोजले, तर 27 डिसेंबरचा रविवार येतो. त्याआधीचे दोन आठवडे कुस्वाराचे, आणि संध्याकाळी घरोघरी कॅरोल गाण्याचे. यांपैकी काय कमी करावे? आणखी एक शंका आहे. धावताना मी खजूर खातो आणि घरी येऊन गुळाचा खडा तोंडात टाकतो. कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सेत पवित्र भाकर घेण्याच्या, आधी एक तास काही खाऊ नये, हा नियम त्यामुळे मोडतो, असे आईचे म्हणणे आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टिळकवाडीची हळू धावणारी

दादा, मी चार पूर्ण मॅरेथॉन धावले आहे, चारही सावकाश, आणि शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात धाव आहे, पाव आहेत, मिस्सा आहे, कॅरोल आहेत. झोप कुठेच नाही. पावणेचारला पीठ मळणारा माणूस तीनला उठला असणार, आणि शनिवारी रात्री नऊला तो झोपला असेल असे मला वाटत नाही. प्रवचनात लागलेली झोप हा भक्तीतला दोष नसून हिशेबातली तूट आहे. बँकेतल्या माणसाला हे मी समजावून सांगावे असे नाही.

लांब धाव रविवारीच करावी, असा कोणताही नियम नाही. शर्यती रविवारी असतात आणि नोकरदारांना तोच दिवस मोकळा सापडतो, एवढेच त्यामागचे कारण आहे. तुम्ही बँकेत आहात, म्हणजे दुसरा आणि चौथा शनिवार तुम्हाला सुटी असते. लांब धाव त्या शनिवारी करा. दर पंधरा दिवसांनी एक खरोखर लांब धाव आणि मधल्या आठवड्यात कामाआधी 14-15 किलोमीटर, एवढे पहिल्या मॅरेथॉनला पुरते. 47व्या वर्षी तर दर आठवड्याच्या लांब धावेपेक्षा हेच बरे, कारण स्नायूंना सावरायला वेळ मिळतो. आता कॅलेंडर पाहा. डिसेंबरचा चौथा शनिवार 26 तारखेला येतो आणि तिथून शर्यत तीन आठवडे आणि एक दिवस दूर आहे. म्हणजे 32 किलोमीटरची जागा तुम्हाला आयती मिळाली आहे. 24ला मध्यरात्रीच्या मिस्सेचे जागरण होईल. 25ला दुपारी पोटभर जेवून झोपावे, रात्री लवकर आडवे व्हावे आणि 26ला उजाडताना निघावे. लांब धावेच्या आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खावेत, असे आम्ही एरवी घसा कोरडा करून सांगतो. नाताळच्या दिवशी ते कुणाला सांगावे लागत नाही.

खाण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण घरी भाजणाऱ्यांची एक चूक नेहमीची असते. आपण केलेला पदार्थ पौष्टिक आहे म्हणून तो धावण्यापूर्वीही चालेल, असे त्यांना वाटते. तसे नसते. कोंड्याची पोई (गोव्याकडचा पाव) किंवा कच्च्या नाचणीचा जाड ब्रेड पहाटे खाऊन निघालात, तर त्यातला चोथा दहाव्या-बाराव्या किलोमीटरला पोटात उलथापालथ करतो. निघण्यापूर्वी मैद्याचा साधा पाव आणि गूळ किंवा मध बरा. कोंडा, नाचणी, अंडी हे सगळे परत आल्यावर खावे. फळांचा केकही त्याच वर्गातला. त्यात तूप-लोणी असते आणि ते पचायला वेळ लागतो. धावताना तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात, म्हणजे तीन तासांच्या धावेला दोन खजूर पुरणार नाहीत. शरीरात साठवलेली साखर तीस किलोमीटरच्या आसपास संपत येते. त्याला धावणारे ‘भिंत लागली’ म्हणतात. शर्यतीत जे खाणार, तेच प्रत्येक लांब धावेत खाऊन पाहा. मुंबईत नवे काही खाऊ नका.

रविवारबद्दल माझे मत थोडे कडक आहे. मी मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट पंथातली, आहे आणि शर्यतीचा दिवस सोडला, तर रविवारी धावत नाही. अशा चर्चेत कुणीतरी एरिक लिडेलचे नाव काढतेच, म्हणून मीच काढते. 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून तो त्या शर्यतीत उतरला नाही आणि 400 मीटर 47.6 सेकंदांत जिंकला, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याला ते वेळापत्रक काही महिने आधीच कळले होते आणि मधल्या काळात त्याने 400 मीटरची रीतसर तयारी केली होती, ही गोष्ट सांगायची राहून जाते. तुमच्या हातात पंधरा आठवडे आहेत. मला त्या कथेतला हा भाग अधिक उपयोगाचा वाटतो.

खानापूरची माती

आमचे घराणे तीन पिढ्या बेकरीत आहे, म्हणून मी फक्त भट्टीपुरते लिहितो. धावण्यातले मला काही कळत नाही. गिऱ्हाइकाला सुट्टे पैसे द्यायला धावतो तेवढेच.

तुमच्या पिठाचे जे झाले, ते व्हायचेच होते. तीन-साडेतीन तास बाहेर ठेवायचे पीठ आणि तासाभरात भाजायचे पीठ यांत यीस्ट सारखे घालून चालत नाही. किलोभर मैद्याला तुम्ही दहा ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालत असाल, असा माझा अंदाज आहे. ते तीन-चार ग्रॅमवर आणा. शनिवारी संध्याकाळी पीठ मळा, तासभर बाहेर राहू द्या, गोळे करून ताटांत मांडा, वरून ओले फडके आणि प्लॅस्टिक घालून ताटे फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत यीस्ट मरत नाही, फक्त त्याचे काम मंदावते, आणि या रात्रभराच्या सावकाश आंबण्याने पावाला जी चव येते, ती घाईच्या पावाला कधीच येत नाही. सकाळी ताटे बाहेर काढून सव्वा-दीड तास ठेवा आणि 200 अंशांवर अठरा-वीस मिनिटे भाजा. ताटे बाहेर काढायला बारावीतल्या मुलाला सांगा. परीक्षेच्या वर्षी पहाटे उठवायला तेवढेच निमित्त. किलोला 20 ग्रॅम मीठ पुरते. पाणी 600 ते 650 मिलिलिटरच्या आत ठेवा, कारण ऑक्टोबरनंतर आपल्याकडची हवा कोरडी होत असली, तरी पावसाळ्यात साठवलेला मैदा आधीच थोडा दमट झालेला असतो.

कधी गोल मोठा ब्रेड करायचा असेल, तर आमच्या खानापूरचे झाकणाचे मातीचे भांडे घ्या. कच्च्या पिठातली वाफ झाकणाखाली कोंडली गेली, की वरचे कवच पातळ आणि खुसखुशीत होते. पहिली वीस मिनिटे झाकण ठेवावे, मग काढावे. मात्र भांडे थंड ओव्हनमध्ये ठेवूनच तापवावे आणि तापल्यावर त्याला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये. मी घाईने ओला हात लावून दोन भांडी फोडली आहेत.

आता कुस्वार. हे सगळे एका आठवड्यात करायचे ही जुनी सवय आहे आणि ती चार बायका एका स्वयंपाकघरात असत तेव्हाची आहे. तुम्ही एकटे आहात. म्हणून जे टिकते ते आधी करा. केकची फळे आजच रममध्ये भिजवा. (टिळकवाडीच्या ताईंना चालणार नसेल, तर त्यांनी संत्र्याच्या रसात भिजवावीत, पण ती फक्त एक-दोन दिवस आणि तीही फ्रिजमध्ये, नाहीतर आंबतील.) मनुका, बेदाणे, खजूर आणि चंदगडकडचा काजू. काजू मात्र भिजवू नका, तो शेवटी घाला. केक नोव्हेंबरच्या अखेरीस भाजून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवावा. तो तीन-चार आठवड्यांनी आधीपेक्षा चांगला लागतो. दोदोल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होऊ शकतो. गूळ, तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध कढईत तासन्‌तास घोटायचे असते, त्यामुळे त्या दिवशी दंडांचा व्यायाम वेगळा करण्याची गरज नाही. कुलकुल हवाबंद डब्यात महिनाभर कुरकुरीत राहतात आणि ते फणीवर वळायला बसून जमते, म्हणून ते काम आईंचे आणि मुलाचे. ओल्या खोबऱ्याच्या नेवऱ्या टिकत नाहीत, त्या 23 डिसेंबरच्या आधी करू नका.

राहिले बेबिंक. त्याचा एक थर भाजला की त्यावर तूप आणि दुसरा थर, असे सात थर केले तरी तीन-चार तास ओव्हनसमोरून हलता येत नाही. ओटीजीत वरचाच रॉड चालू ठेवावा लागतो आणि लक्ष चुकले, की थर करपतो. दुसऱ्या दिवशी लांब धाव असेल, तर हा पदार्थ करू नका. दिवसभर उभे राहून पोटऱ्या कशा भरून येतात, हे भट्टीवरच्या माणसाला विचारा.

उचगावचा माळकरी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी आहे, आणि सायकलवरून दूध घालतो. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

वेंगुर्ला रस्त्यावर पहाटे तुमच्यासारखे धावणारे मला भेटतात. नोव्हेंबरमध्ये साखर कारखाने सुरू झाले, की या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. एकामागे दोन ट्रेलर असतात, मागचा दिवा क्वचितच लागलेला असतो, आणि ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला असतो. काळा शर्ट घालून अंधारात धावणे सोडावे, चमकणारे जाकीट घालावे आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून धावावे. उजाडल्यावर निघता आले, तर सर्वांत उत्तम.

दुसरी गोष्ट उपवासाची. मी दोन्ही एकादश्या करतो आणि त्या दिवशी दुधाची फेरी सोडून सायकलला जास्तीचा हात लावत नाही. पूर्वी उपवासाच्या दिवशी जोर करून दाखवण्याची हौस होती. एकदा सुळग्याच्या चढावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हापासून ती गेली. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या दिंडीचेही गणित पाहा. रोज किती चालायचे याच्या आधी मुक्काम कुठे, हे ठरलेले असते. तुमच्या पत्रात मुक्काम दिसला नाही.

जाता जाता विचारतो, बिनअंड्याचा केक तुम्ही करता का?

निवृत्त धर्मशिक्षक, नंदगड

प्रश्नकर्त्यांनी नियमाविषयी जे विचारले आहे, त्याचे उत्तर आधी देतो. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास हा कम्युनियन घेण्याच्या क्षणापासून मागे मोजायचा असतो, मिस्सा सुरू होण्याच्या वेळेपासून नव्हे. आठची मिस्सा असेल, तर रविवारी प्रवचन, श्रद्धांगीकार, अर्पण हे सगळे होऊन कम्युनियनला पावणेनऊ होतात. म्हणजे सव्वासातला घरी येऊन तोंडात टाकलेल्या गुळाच्या खड्याने नियम मोडत नाही. पाणी आणि औषध यांना तर कोणतीच आडकाठी नाही. धावून आलेल्या माणसाने मिस्सेपूर्वी पाणी जरूर प्यावे. फक्त मिठा-साखरेचे सरबत हे पाणी नव्हे, हे लक्षात ठेवावे.

तरीही आईंचे चुकले, असे कृपया म्हणू नका. त्यांचे वय 78 म्हणजे त्यांचा पहिला कम्युनियन 1956-57च्या सुमारास झाला असणार. त्याआधीच्या पिढ्यांना मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नसे. 1953 साली पोप पायस बाराव्यांनी पाण्याची मोकळीक दिली (योगायोगाने त्याच वर्षी आपला बेळगाव धर्मप्रांत गोव्यापासून वेगळा होऊन स्थापन झाला), 1957 साली अन्नासाठी तीन तासांची मर्यादा सर्वांना लागू झाली आणि 1964 साली पोप पॉल सहाव्यांनी ती एका तासावर आणली. ज्या घरात त्या वाढल्या, तिथे सकाळच्या मिस्सेपूर्वी चूल पेटत नव्हती. एका तासाचा नियम त्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्या अंगवळणी पडलेला नियम त्याहून जुना आहे.

शर्यत रविवारी आहे, याचीही चिंता नको. शनिवारी संध्याकाळी मिस्सेला उपस्थित राहिल्यास रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. मुंबईत शनिवार संध्याकाळच्या मिस्सा अनेक चर्चमध्ये असतात. फक्त वेळ आधी विचारून ठेवावी.

आता थोडे नियमापलीकडचे. धावण्याचा विषय निघाला, की आपले लोक संत पौलांच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या नवव्या अध्यायाकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. करिंथजवळच्या इस्थमियाला दर दोन वर्षांनी स्पर्धा भरत आणि विजेत्याला पानांचा, लवकरच सुकून जाणारा मुकुट मिळे. पत्र वाचणाऱ्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेले होते. पण तुमचे पत्र वाचताना मला आठवला तो एलीया संदेष्टा. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी तो अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलपर्यंत धावत जातो, आणि लगेच पुढच्या अध्यायात रानातल्या एका झुडपाखाली बसून मरण मागतो. तेव्हा देवदूत त्याला उपदेश करीत नाही. एलीया झोपतो. दूत त्याला उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा उठवतो आणि म्हणतो, खा, कारण तुला झेपणार नाही एवढी वाट पुढे आहे. त्यानंतर तो चाळीस दिवस चालतो. भाजणे आणि धावणे एकत्र आलेली जागा पवित्र शास्त्रात मला हीच सापडते, आणि तिथे दोन वेळा झोप आहे. टिळकवाडीच्या ताई आणि उचगावचे माळकरी यांनी वेगवेगळ्या वाटांनी तेच सांगितले आहे.

पहिल्या रविवारच्या पावांबद्दलही खानापूरच्या भाऊंनी सुचवलेला मार्ग जुनाच आहे. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेले अन्न, गोळा करणाऱ्यांना सांगितले आहे, की जे भाजायचे ते सहाव्या दिवशी भाजून ठेवा. त्या काळी फ्रिज नव्हता, एवढाच फरक.

टिळकवाडीची हळू धावणारी

गुरुजींचे सगळे पटले, एक सोडून. शनिवार संध्याकाळच्या मिस्सेचा मार्ग मला पळणाऱ्यांसाठी काढलेल्या पळवाटेसारखा वाटतो. शर्यतीच्या एका दिवसापुरता तो ठीक आहे. पण आमच्या ओळखीत असे काहीजण आहेत, की ज्यांचा शनिवार संध्याकाळ हाच कायमचा रविवार झाला आहे आणि रविवारी ते दिवसभर सायकलवर असतात. ज्यांच्यासोबत बसून आपण उपासना करतो, ती माणसे रविवारी सकाळी तिथे असतात. 60 पाव शनिवारी संध्याकाळी कोण खाणार?

निवृत्त धर्मशिक्षक, नंदगड

ताई, ती पळवाट नव्हे. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, ही मोजणी यहुदी परंपरेतून आलेली आहे आणि मोठ्या सणांची पहिली प्रार्थना आम्ही आदल्या संध्याकाळीच म्हणतो. रविवारी कामावर असणाऱ्या परिचारिका, वाहक, हॉटेलातले कामगार यांना याच तरतुदीचा आधार असतो. मात्र पावांचा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कॅम्पातला पोदेर

सर्वांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिले नाही, कारण आधी करून पाहावे असे ठरवले होते. काल दुसरा शनिवार होता. शुक्रवारी रात्री साडेनऊला झोपलो, सहाला, रस्ता दिसू लागल्यावर, चमकणारे जाकीट घालून निघालो आणि 24 किलोमीटर धावलो. निघताना मैद्याचा एक पाव गुळाबरोबर खाल्ला आणि वाटेत दोन केळी आणि सहा खजूर संपवले. शेवटचे चार किलोमीटर गेल्या रविवारपेक्षा हळू झाले, पण दुपारी मुलाला गणित शिकवताना मी जागा होतो, हा बदल घरात सर्वांच्या लक्षात आला. आज मिस्सेतही जागा होतो. आईने शेजारी बसून दोनदा माझ्याकडे वळून पाहिले.

आता बेत असा ठरला आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी लांब धाव, त्यात 12 डिसेंबरला 28 आणि 26 डिसेंबरला 32 किलोमीटर, मग 9 जानेवारीला केवळ 16. रविवारी अजिबात धावायचे नाही. कॅरोलला मी यंदा 19 डिसेंबरपर्यंतच जाईन, त्यानंतर माझ्या जागी मुलगा जाईल. त्याचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे, त्यामुळे गटाने फारसे दुःख व्यक्त केले नाही. बेबिंक मंगळवारी, 22 तारखेला करायचे. आईला सात थर मान्य नव्हते, तिच्या लहानपणी सोळा होत असत. शेवटी दहावर तडजोड झाली आहे आणि मी ओव्हनसमोर उभे न राहता स्टुलावर बसेन, हेही ठरले आहे.

एका तासाच्या नियमाचे गुरुजींचे उत्तर मी आईला वाचून दाखवले. 1957चे वाचल्यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, की पहिल्या कम्युनियनच्या दिवशी तिला सकाळपासून चक्कर येत होती आणि मिस्सा संपल्यावर तिच्या वडिलांनी चर्चच्या पायरीवरच तिला खिशातून पाव काढून दिला होता. ही गोष्ट मी 47 वर्षांत कधी ऐकली नव्हती. गुळाच्या खड्यावरची तिची हरकत मात्र अजून उठलेली नाही, म्हणून तो मी मिस्सेनंतरच खातो.

मुंबईतल्या शनिवारच्या मिस्सेबद्दल ताई आणि गुरुजी या दोघांचेही मला थोडे थोडे पटते. जानेवारीत त्या एका शनिवारी जाईन. शर्यतीचा तो रविवार तिसरा आहे, त्यामुळे पाव त्या दिवशी नसतातच.

फळे आज भिजवली. बरणीवर चिकटवलेल्या कागदावर आईने स्वतःच्या हाताने तारीख लिहिली आहे. रमचे प्रमाण तिने सांगितले त्याहून मी कमी घातले, आणि माझी पाठ वळल्यावर तिने ते पुरे केले असावे, असा मला संशय आहे. माळकरीकाका, बिनअंड्याचा केक दही घालून वेगळ्या भांड्यात करीन. त्यात रमही नसेल. 26 डिसेंबरला धावताना तुमच्या गावावरूनच जाणार आहे, तरी केक हातात घेऊन धावता येणार नाही. तो 24ला सकाळी दुधाच्या फेरीच्या वेळी कॅम्पात कुठे आणून द्यावा, ते कळवावे.